३,८३१ मतांचा मुलूख : धुळे, शिंदखेडा, मालेगाव, सटाणा

"पाच विधानसभा एकीकडे आणि एकटं मालेगाव एकीकडे." २०२४ च्या लोकसभा निकालापासून धुळे मतदारसंघाबद्दल हे एकच वाक्य आमच्याकडे चहाच्या टपरीपासून लग्नाच्या पंगतीपर्यंत फिरतंय. मी अमळनेरला अकरावी-बारावीला राज्यशास्त्र शिकवते. आमचा तालुका जळगाव मतदारसंघात येतो, पण धुळं तासाभरावर आहे आणि नातेवाईक सगळे तिकडचेच. माझ्या मुलांनी हे वाक्य उत्तरपत्रिकेत लिहायला सुरुवात केली, तेव्हा मला राहवेना. थंडीच्या सुट्टीत या मतदारसंघातून हिंडून यायचं ठरवलं. सोबत मामा. मामा तहसील कचेरीतून निवृत्त झालेत, आयुष्यभर निवडणुकीच्या ड्युट्या केलेत आणि कागदी मतपत्रिकेपासून व्हीव्हीपॅटपर्यंत सगळं त्यांच्या हाताखालून गेलंय.

आधी थोडा हिशोब, म्हणजे पुढचं वाचताना अडणार नाही. धुळे लोकसभेत सहा विधानसभा आहेत. धुळे ग्रामीण, धुळे शहर आणि शिंदखेडा धुळे जिल्ह्यातल्या. मालेगाव मध्य, मालेगाव बाह्य आणि बागलाण (म्हणजे सटाण्याकडचा भाग) नाशिक जिल्ह्यातल्या. २०२४ मध्ये काँग्रेसच्या डॉ. शोभा बच्छाव यांना ५,८३,८६६ मतं पडली, भाजपच्या डॉ. सुभाष भामरेंना ५,८०,०३५. फरक ३,८३१. एकट्या मालेगाव मध्यमध्ये बच्छावांना सुमारे १ लाख ९४ हजारांची आघाडी होती. बाकी पाच विधानसभांत मिळून भामरे पुढे होते, पण एकट्या मालेगाव मध्यने निकाल फिरवला, असं म्हणणारं ते वाक्य या आकड्यातूनच निघालं.

मंगळवार : धुळे

सकाळच्या एसटीत खिडकीच्या फटीतून असा गार वारा येत होता की मामांनी मफलर कानावरून हनुवटीखाली आवळून बांधला. डिसेंबर-जानेवारीत धुळ्याला येणार असाल तर स्वेटर बॅगेच्या तळाशी ठेवू नका, हातात ठेवा. उन्हाळ्यात भाजणारं हे गाव थंडीत तितकंच गारठतं.

धुळं आखून वसवलेलं गाव आहे. १८१८ नंतर खानदेश इंग्रजांकडे गेला, तेव्हा कॅप्टन ब्रिग्जने इथे ठाणं केलं आणि सरळ रेषेत पेठ बसवली. या पेठेत पत्ता अजून गल्लीच्या नंबरावरच सांगतात. गल्ली नंबर चारमधून आग्रा रोडला आणि तिथून पाचकंदीलला चालत गेलो. तिथे भाजीवाल्या बायकांपुढे काटेरी देठाच्या हिरव्या वांग्यांचे ढीग होते. भरिताचा हंगाम सुरू झाला होता.

पाचकंदीलजवळच्या हॉटेलात मामांच्या ओळखीचे एक बाबा भेटले. ऐंशीच्या पुढचे, पांढरी टोपी, आवाज खणखणीत. मी विषय काढायचा अवकाश, ते थेट १९५७ वर गेले. त्या निवडणुकीत जनसंघाचे साऱ्या देशातून फक्त चार खासदार निवडून आले. एक बलरामपूरचे अटलबिहारी वाजपेयी आणि एक आमच्या धुळ्याचे उत्तमराव पाटील. "तव्हय संयुक्त महाराष्ट्रानं वारं व्हतं," बाबा म्हणाले. जनसंघ तेव्हा संयुक्त महाराष्ट्र समितीत होता. काँग्रेसविरुद्धचा राग भाषिक राज्याचा होता आणि त्या लाटेत धुळ्याने देशाच्या राजकारणात स्वतःची जागा केली. पुढच्याच निवडणुकीत काँग्रेसचे चुडामण पाटील आले आणि मग बराच काळ काँग्रेसचाच गेला.

पुढे धुळे लोकसभा अनुसूचित जमातीसाठी राखीव झाली आणि २००८ च्या पुनर्रचनेपर्यंत तशीच राहिली. त्या काळातलं मला सगळ्यात लक्षणीय वाटतं ते हे : १९९६ ला भाजपचे साहेबराव बागुल, १९९८ ला काँग्रेसचे डी. एस. अहिरे, १९९९ ला भाजपचे रामदास गावित, २००४ ला पुन्हा काँग्रेसचे बापू चौरे. ओळीने चार निवडणुका आणि प्रत्येक वेळी पक्ष बदललेला. या मतदारसंघाला कुणी कुणाचा बालेकिल्ला म्हटलं की मी हे चार निकाल पुढे करते.

दुपारी शेवभाजी खाल्ली. काळ्या मसाल्याचा रस्सा, वर तरी, आणि शेव अगदी शेवटी टाकलेली, म्हणजे ताटात येईपर्यंत मऊ पडत नाही. तिखट झेपत नसेल तर सांगताना "मिडीयम" म्हणू नका, त्यांचं मिडीयमही घाम काढतं. सरळ "बिनतिखट" म्हणा.

मग राजवाडे संशोधन मंडळ. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे १९२६ साली धुळ्यातच गेले आणि त्यांनी गावोगाव हिंडून जमवलेलं दप्तर इथे जपलंय. दोन-तीन तास हातात ठेवून जा आणि उघडं आहे का याची आधी चौकशी करा. याच गावच्या तुरुंगात १९३२ साली विनोबांनी कैद्यांपुढे गीतेवर प्रवचनं दिली आणि साने गुरुजींनी ती टिपून घेतली. गुरुजी अमळनेरच्या शाळेतले शिक्षक, त्यामुळे माझ्यासाठी ही जागा घरचीच.

संध्याकाळी पांझरेच्या पुलावरून देवपूरला गेलो. मामा म्हणाले, शहराचा मतदार ओळखायचा तर हा पूल ओलांडायचा. जुन्या गल्ल्यांत व्यापारी आणि मुस्लिम वस्ती, बंद पडलेल्या प्रताप मिलच्या आसपास कामगारांची घरं, देवपूरला नोकरदार आणि खेड्यांतून शिक्षणासाठी आलेली पाटील मंडळी. २००८ आणि २०१३ च्या दंगलींनी या शहराला खोल जखमा केल्या, आणि त्याबद्दल लोक अजून आवाज खाली करूनच बोलतात. विधानसभेला या शहराने २००९ आणि २०१४ ला अनिल गोटेंना निवडलं, २०१९ च्या बहुरंगी लढतीत एमआयएमचे फारुक शाह आले, २०२४ ला भाजपचे अनुप अग्रवाल. पंधरा वर्षांत इतकी वळणं घेणारं शहर एका वाक्यात बसत नाही.

बुधवार : नरडाणा, चिमठाणे, शिंदखेडा

बायकांना एसटीत अर्धं तिकीट आणि मामांना ज्येष्ठ नागरिक म्हणून अर्धं, त्यामुळे प्रवास स्वस्तात झाला. ओळखपत्र मात्र जवळ ठेवा, कंडक्टर मागतातच.

शिंदखेडा तालुका कोरडा आहे. तापी उत्तरेच्या अंगाने वाहते, पण तिची पातळी खाली आणि शेतं वर, म्हणून पाणी दिसतं आणि मिळत नाही. सुलवाडे-जामफळ-कनोली उपसा योजनेचा सगळा जोर इथेच आहे : पावसाळ्यात वाहून जाणारं तापीचं पाणी उचलायचं, जामफळ धरणात साठवायचं आणि शिंदखेडा-धुळे तालुक्यांना द्यायचं. १६ फेब्रुवारी २०१९ ला पंतप्रधानांच्या हस्ते धुळ्यात या योजनेची पायाभरणी झाली. त्याच कार्यक्रमात बोरविहीर-नरडाणा रेल्वेमार्गाचीही झाली. नंतरच्या निवडणुकीत भामरे सव्वादोन लाखांहून जास्त मतांनी जिंकले. मनमाड-इंदूर रेल्वे तर इथल्या प्रत्येक प्रचारसभेत ऐकलेली. ३०९ किलोमीटरच्या त्या मार्गाला केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजुरी दिली सप्टेंबर २०२४ मध्ये. लोकसभेचा निकाल तोवर लागून गेला होता.

चिमठाणे परिसरात थांबलो ते १९४४ साठी. १४ एप्रिल १९४४ ला क्रांतिकारकांनी इथे सरकारी खजिना लुटला. त्यात साताऱ्याच्या प्रतिसरकारातली जी. डी. लाड, नागनाथ नायकवडी यांच्यासारखी माणसं होती. ब्रिटिशांचा पैसा घेऊन ब्रिटिशांविरुद्धच लढायचं, हा विचार. स्मारकाजवळ आसपास सावली फारशी नाही, पाण्याची बाटली भरून घ्या.

शिंदखेड्याजवळच्या एका गावात मामांच्या साडूंच्या घरी जेवण होतं. कळण्याची भाकरी, ठेचा, वांग्याचं भरीत आणि कांद्याची पात. घरातली आजी चुलीपुढे बसली होती आणि घरात तिच्याशिवाय एक सून, बाकी कोणी नाही. दोन्ही मुलगे सुरतला, उधन्याला राहतात. हे फक्त याच घरात नाही. अर्धं गाव सुरतेत आहे. सुरत-भुसावळ लोहमार्गाने शिंदखेडा, नरडाणा, दोंडाईचा, अमळनेर सगळी सुरतेला जोडलेली. नवसारीचे खासदार सी. आर. पाटील मूळचे खानदेशातलेच, आणि २०१९ मध्ये ते देशात सर्वांत मोठ्या फरकाने निवडून आले होते.

मी आजींना विचारलं, मुलं मतदानाला येतात का?

"सरपंचकीले येतस. तव्हय गाडी येस त्यासना करता," आजी म्हणाल्या. "मोठी निवडणूकले कोन इन?"

ग्रामपंचायतीला उमेदवार गाड्या पाठवतात, कारण तिथे दहा मतांनी निकाल फिरतो. २० मे २०२४ ला, ऐन उन्हात, कामाच्या सोमवारी सुरतेहून कोण येणार? मतदान साठ टक्क्यांच्या आसपास झालं. जी माणसं आलीच नाहीत त्यांचा पाण्याबद्दलचा, रोजगाराबद्दलचा कौल कुठल्याच पेटीत पडला नाही. ३,८३१ च्या फरकापुढे सुरतेतल्या दोन-चार वस्त्यांतले शिंदखेडेकरही भारी ठरले असते. मतदारसंघाचं चित्र काढताना आपण या माणसांना सोडूनच देतो, आणि याचं मला मनापासून वाईट वाटतं.

रात्री मामांनी जुन्या मतपत्रिकेची घडी कशी घालायची ते वर्तमानपत्राच्या कागदावर दाखवलं. बाणफुलीचा शिक्का मारला की आधी उभी घडी, मग आडवी. घडी उलटी घातली तर ओली शाई शेजारच्या चिन्हावर उमटायची आणि मत वादात जायचं. केंद्राध्यक्ष असताना प्रत्येक म्हाताऱ्या माणसाला ते कोऱ्या कागदावर ही घडी करून दाखवायचे. "एक मत बाद झालं की मला रात्री जेवण गोड लागत नसे," मामा म्हणाले.

गुरुवार आणि शुक्रवार : मालेगाव

धुळ्याहून मालेगाव पन्नास किलोमीटर. वाटेत लळिंगचा किल्ला डाव्या-उजव्या वळणांत दिसत राहतो आणि पुढे झोडग्याला जुनं दगडी शिवमंदिर आहे. शिल्पं झिजलीत, तरी अर्धा तास थांबावं असं.

मालेगाव, सटाणा हा भाग १८६९ नंतर नाशिक जिल्ह्यात गेला, त्याआधी खानदेशातच होता. खेड्यापाड्यांत अहिराणी आजही तीच. पण शहरात उतरलं की कानावर आधी खटखट येते. दुपारी एका यंत्रमाग कारखान्यात गेलो, मामांच्या जुन्या सहकाऱ्याच्या ओळखीने. पत्र्याच्या शेडमध्ये दोन रांगांत माग, मधून एक माणूस जेमतेम जाईल एवढी वाट. धोटा इकडून तिकडे इतक्या वेगाने जातो की नुसती रेघ दिसते. हवेत कापसाचे बारीक तंतू, कामगारांच्या भुवयांवर, मिशांवर पांढरा थर. एक तरुण एका वेळी सहा-सात माग बघत होता. धागा तुटला की तो आवाजावरून ओळखायचा, पाठ असली तरी वळायचा, माग थांबवून दोन बोटांत गाठ मारून पुन्हा खटका ओढायचा. मी घड्याळ लावलं नाही, पण माझी दोन वाक्यं पुरी व्हायच्या आत गाठ बसलेली असे.

त्याला विचारलं, मत कशावर देता?

"बिजली का दाम, सूत का भाव और बच्चों की हिफाज़त," तो मागावरची नजर न काढता म्हणाला.

१८५७ नंतर उत्तर भारतातून आलेल्या मोमीन विणकरांनी हे शहर विणकामाचं केलं. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या पावणेपाच लाखांच्या आसपास, त्यात मुस्लिम बहुसंख्य. मोसम नदी मधून वाहते. कॅम्प, सोयगावकडचा भाग मालेगाव बाह्यमध्ये, जिथून २००४ पासून दादा भुसे (आता शिवसेनेचे) निवडून येत आहेत (तेव्हा मतदारसंघाचं नाव दाभाडी होतं). नदीपलीकडची दाट वस्ती म्हणजे मालेगाव मध्य.

शुक्रवारी माग बंद असतात. कारखाना बघायचा तर शुक्रवार टाळा, पण माणसांना भेटायचं असेल तर शुक्रवारच गाठा. चहाची हॉटेलं गच्च भरलेली, दाट सायीचा चहा, सोबत नानखटाई. फोटो काढायचा असेल तर आधी विचारा. विचारलं की लोक स्वतःहून नीट उभे राहतात आणि दुसरा चहाही पाजतात.

त्या हॉटेलात निहाल अहमदांचं नाव निघालं आणि टेबलाभोवती माणसं वाढली. समाजवादी चळवळीतले "साथी" निहाल अहमद अनेकदा इथून आमदार झाले, विधानसभेत विरोधी पक्षनेते होते, मालेगावचे पहिले महापौरही तेच. बाबरी मशीद पडल्यानंतर त्यांनी दंडावर काळी फीत बांधली, ती २०१६ मध्ये जाईपर्यंत सोडली नाही. १९९९ ला काँग्रेसच्या शेख रशीद यांनी त्यांना हरवलं. मग २००९ ला मुफ्ती इस्माईल, २०१४ ला रशीद यांचे पुत्र आसिफ शेख, २०१९ ला पुन्हा मुफ्ती, यावेळी एमआयएमकडून.

२००९ च्या लोकसभेलाही निहाल अहमद उभे होते. भाजपचे प्रताप सोनवणे काँग्रेसच्या अमरीश पटेलांवर वीस हजारांच्या आतल्या फरकाने जिंकले आणि निहाल अहमदांची मतं त्या फरकाहून कितीतरी जास्त होती. म्हणजे हे शहर तेव्हा फुटलं होतं. २०२४ ला वंचित बहुजन आघाडीच्या उमेदवाराचा अर्ज छाननीत बाद झाला, एमआयएमने उमेदवार दिला नाही आणि मतं एकवटली.

पण मालेगावच्या मतांना "गठ्ठा" म्हणणाऱ्यांनी त्याच वर्षीचा नोव्हेंबर बघावा. विधानसभेला त्याच मालेगाव मध्यमध्ये मुफ्ती इस्माईल यांना १,०९,६५३ मतं आणि आसिफ शेख यांना १,०९,४९१. फरक १६२! सहा महिन्यांपूर्वी एकत्र उभे राहिलेले मतदार जवळजवळ बरोब्बर मधोमध विभागले गेले. गठ्ठा असा सुटत नसतो. दिल्लीचा प्रश्न वेगळा आणि गटारीचा, विजेचा, नेतृत्वाचा प्रश्न वेगळा, हे इथला माग चालवणारा माणूस नीट जाणतो. २००६ आणि २००८ चे बॉम्बस्फोट सोसलेल्या, अख्ख्या शहराकडे संशयाने बघणाऱ्या नजरा सोसलेल्या माणसांनी एका निवडणुकीत एका बाजूला मत दिलं, तर त्यामागची कारणं विचारायला हवीत. त्यांना गठ्ठा म्हणून मोकळं होणं मला अन्यायाचं वाटतं.

शनिवार : सटाणा

सटाण्याकडे निघालो की खटखट मागे पडते आणि दोन्ही बाजूंना वाफे सुरू होतात. उन्हाळ कांद्याची लागण चालू होती. बायका ओळीने वाकलेल्या, डाव्या हातात रोपांची जुडी, उजव्या हाताच्या अंगठ्याने ओल्या मातीत खोच. एकराच्या हिशोबाने टोळी उक्तं घेते. बांधावर लहान मुलं शालीत गुंडाळून झोपवलेली.

सटाण्यात देवमामलेदारांचं मंदिर चुकवू नका. यशवंतराव महाराज इथे मामलेदार होते. १८७०-७१ च्या दुष्काळात त्यांनी सरकारी खजिना उघडून लोकांना वाटला. मार्गशीर्ष वद्य एकादशीला यात्रा भरते, त्या दिवसांत मुक्कामाची सोय आधीच बघा. आमचे मामा आयुष्यभर कचेरीत राहिलेले. गाभाऱ्यापुढे हात जोडून ते बराच वेळ उभे होते.

बागलाण विधानसभा अनुसूचित जमातीसाठी राखीव आहे, मतदारांत कोकणा, भिल्ल आणि मराठा शेतकरी मिसळलेले. एका कांदा चाळीपाशी चहा मिळाला आणि लोकसभेचा विषय शेतकऱ्यानेच काढला. डिसेंबर २०२३ मध्ये निर्यातबंदी आली, उठली ४ मे २०२४ ला, तीही किमान निर्यातमूल्य आणि ४० टक्के शुल्कासकट. मतदान वीस तारखेला.

"कांदाले भाव व्हता का? नही ना. मंग?" तो म्हणाला. त्याने भाजपला मत दिलं की नाही हे मी विचारलं नाही आणि त्यानेही सांगितलं नाही.

मामांनी तिथेच पेन काढलं आणि चहाच्या पुड्याच्या पाठीवर हिशोब मांडला. २०१९ ला भामरेंचा एकूण फरक सव्वादोन लाखांच्या वर. मालेगाव मध्य तेव्हाही काँग्रेसच्याच बाजूला होतं, म्हणजे उरलेल्या पाच विधानसभांतली आघाडी त्याहूनही मोठी असणार. २०२४ ला त्याच पाच विधानसभांतली आघाडी : १ लाख ९४ हजारांतून ३,८३१ वजा, म्हणजे सुमारे १ लाख ९० हजार. पाच ठिकाणी मिळून पस्तीस हजारांहून जास्त आघाडी गळाली होती आणि निकाल चार हजारांच्या आत लागला होता. मालेगाव मध्यने एकवटून मत दिलं हे खरं. पण धुळे, शिंदखेडा, बागलाण, मालेगाव बाह्यमध्येही पाय सरकला होता, आणि त्याबद्दल कुणी वाक्य तयार केलं नाही. विधानसभेला त्याच पाचही जागा महायुतीकडे गेल्या, यावरून इथला मतदार प्रत्येक निवडणूक वेगळी तोलतो हे आणखीच दिसतं. तो पुडा मी वर्गात दाखवायला आणलाय.

परतीला मालेगावमार्गे न जाता ताहाराबाद-पिंपळनेर-साक्री रस्ता धरला. वेळ असेल तर हाच घ्या, सेलबारीच्या डोंगरांतून जातो आणि हवा स्वच्छ असली तर साल्हेरकडची रांग दिसते. अंधार पडायच्या आत घाट उतरा, रस्ता अरुंद आहे. साक्रीला बसस्थानकावर गरम भजी खाताना शेजारच्या बाईंना विचारलं, तुमचे खासदार कोण? त्या म्हणाल्या, "आमना नंदुरबारना." जिल्हा धुळे, तालुका साक्री, खासदार नंदुरबारचे, शिरपूरचंही तसंच. आणि धुळ्याच्या खासदाराला निवडणारे निम्मे तालुके नाशिक जिल्ह्यात. कलेक्टर एक, खासदार दुसरे. तक्रार नेमकी कुणाकडे न्यायची हे त्या बाईंना पक्कं ठाऊक होतं : "पह्यले तहसीलले जावानं." मामा खूश झाले आणि त्यांनी तिला पिंपळनेरच्या अप्पर तहसील कार्यालयात अर्ज कसा लिहायचा हे गाडी लागेपर्यंत समजावलं.